आज कोणाला गुरू करावं?

निवांत बसा. पाठ ताठ, खांदे सैल. डोळे मिटले तरी चालेल, उघडे राहिले तरी चालेल. श्वास आपसूक येऊ द्या, जाऊ द्या. कसलीही घाई नाही.

आता मनाने इस्लापूरला या. नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातलं हे गाव. परिसरात सागाचं रान, जवळच सहस्रकुंड. बुलढाण्याच्या डोंगरात उगम पावलेली पैनगंगा इथे काळ्या कातळावरून झेपावते. अलीकडे मराठवाडा, पलीकडे विदर्भ. पावसाळ्यात धबधबा बघायला लांबून माणसं येतात आणि त्याच्यासमोर आपोआप हात जोडतात. आज आपण मात्र तिथून पुढे, एखाद्या घरातल्या माठापाशी जाऊ. निवलेल्या पाण्याचा एक घोट घ्या. त्याचा गारवा कुठवर उतरतो, तेवढंच पाहा. या घोटापुढे हात जोडायचं आपल्याला कधी सुचतं?

थांबा. एक श्वास घ्या.

किनवटला लागूनच माहूर आहे. तिथे रेणुकामाता, तिथेच दत्तशिखर. दिवसभर भ्रमण करून दत्तप्रभू निद्रेला माहूरला येतात, अशी भाविकांची श्रद्धा. भागवताच्या अकराव्या स्कंधात एक अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. परंपरा त्या अवधूताला दत्तच मानते. पैठणच्या एकनाथांनी हा स्कंध मराठीत आणला आणि 1573 मध्ये काशीत तो ग्रंथ पूर्ण केला. या चोवीस गुरूंमध्ये कोण आहे? पृथ्वी, पाणी, मधमाशी, कोळी, बाण घडवणारा कारागीर, घरात साळी कांडणारी मुलगी. त्यांच्यापैकी कोणी शिकवायला बसलं नव्हतं. जो तो आपल्या कामात होता. अवधूत तिथे थांबला, त्याने नीट पाहिलं आणि ऋण मान्य केलं. कृतज्ञतेची साधना मला इथे दिसते. ज्याच्याकडून सुख मिळालं, त्याला गुरूचा मान द्यायचा.

आता ताटातली ज्वारीची भाकरी. तिचा वास घ्या. पापुद्रा उचलताच निघणारी वाफ बोटांना लागू द्या. मग हळूहळू मागे जा. तव्यापुढे कोण बसलं होतं? पीठ कोणी मळलं? कापणीला कोण वाकलं? रात्री जागून रानडुकरांपासून पीक कोणी राखलं? चेहरे ओळखीचे असोत वा नसोत, एकेकासमोर मान लववा.

रानातली पहाट आठवा. चैत्रात मोहाची फुलं टपटप गळत असतात. उजाडायच्या आत बायामाणसं पाट्या घेऊन ती वेचायला निघतात. वाकून वाकून पाटी भरते. झाडाला नमस्कार करा, आणि वाकलेल्या त्या पाठींनाही.

असं बसलं की दुःखही वर येईल. येऊ द्या. कडक उन्हाळ्यात हाच धबधबा आटतो, कातळ उघडा पडतो. पावसाने दगा दिला की हातातोंडाशी आलेला कापूस जातो. त्याबद्दल कोणी आभार मानावेत, असं देवही म्हणणार नाही. डोक्यावर हंडे घेऊन लांबून पाणी आणणाऱ्या बाईला ‘समाधानी राहा’ असं सांगणं ही भक्ती नव्हे. ज्याला पाण्याच्या घोटाचं मोल कळलं, त्याला तिच्या खेपा दिसू लागतात आणि मग त्याला स्वस्थ बसवत नाही. खरी कृतज्ञता अशी ओळखावी.

पुन्हा एक सावकाश श्वास. आज ज्याच्यामुळे जिवाला बरं वाटलं, असं एक माणूस मनासमोर आणा. आई असेल, बायको असेल, शेतावरचा सालगडी असेल. मनातला नमस्कार झाला. आता उठा, आणि त्याच्या रोजच्या कामांतलं एक काम आज तुम्ही करा. पाणी भरा, भांडी घासा, बैलांना वैरण टाका. उद्या दुसरा गुरू शोधा. अवधूताला चोवीस सापडले. आपण चोवीसवरच थांबायचं काही कारण नाही.