अविश्वासाचा अधिकार

डोळ्यांसमोर दिसणारी वस्तु खोटी आहे असें म्हणण्याचा अधिकार मनुष्यास केव्हां प्राप्त होतो? हा प्रश्न वेदान्त्यांचा म्हणून आपण ओळखतों. परंतु गेलीं पन्नास वर्षें एका खेळाच्या मेजाभोंवतीं बसून हौशी मंडळीहि त्यावर हिरिरीनें भांडत आहे, हें आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघां अमेरिकनांनीं रचलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ सालीं प्रसिद्ध झाला. यांत एक गडी सूत्रधार होऊन प्रसंगाचें वर्णन करतो. बाकीचे कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर अशीं सोंगें घेऊन आपण काय करतों तें सांगतात. आणि जेथें फल अनिश्चित, तेथें फांसा टाकून निकाल लावतात. या खेळांतील मांत्रिकास नसलेली वस्तु असल्यासारखी दाखवितां येते. आतां सूत्रधार म्हणाला, ‘समोर दरी आहे, दरीवर दगडी पूल आहे,’ तर तो पूल खरा कीं मायेचा, हें कोणीं व कशानें ओळखावें?

पहिल्या पुस्तकांतला नियम त्रोटक होता. मांत्रिकाचें लक्ष ढळेपर्यंत किंवा एखाद्या जिवंत प्राण्याचा स्पर्श होईपर्यंत भास टिकावयाचा. मात्र पाहणाऱ्यानें तो खरा मानला, तर त्यापासून होणारी इजा खरी. खेळाच्या पुस्तकांत इतका मर्मभेदक विचार सांपडेल असें आम्हांस वाटलें नव्हतें. पेढी बुडणार अशी निराधार कंडी पिकते, ठेवीदार धांवतात, आणि त्या धांवण्यानेंच चांगली चाललेली पेढी बुडते. तेव्हां खोट्या अग्नीनें खरे फोड येतात, यांत नवल तें काय?

पण खेळाडू मोठे चतुर. विश्वासानें इजा होते ना, मग विश्वासच ठेवूं नये! जी भिंत दिसेल, जो राक्षस पुढें येईल, त्याला उद्देशून ‘माझा यावर विश्वास नाहीं’ असें म्हणून टाकावें. वस्तु खोटी निघाली तर जीव वांचला. खरी निघाली तरी दोन शब्दांपलीकडे कांहीं खर्च झालें नाहीं. अशा फुकटच्या संशयानें सूत्रधार जेरीस आले. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तींत म्हणून असें ठरविण्यांत आलें कीं, वस्तु बारकाईनें न्याहाळल्याशिवाय अथवा तिच्याशीं कांहीं व्यवहार केल्याशिवाय बचावाचें दान टाकतां येणार नाहीं. लगेच नवा वाद सुरू झाला. व्यवहार म्हणजे काय? नुसतें पाहणें व्यवहार होय काय? बाण मारणें? कान देऊन ऐकणें?

आमच्या मतें याची कसोटी एकच असावी: वस्तु खोटी असती तर ज्या कृतीचें फल निराळें झालें असतें, ती कृति म्हणजे व्यवहार. आरपार जाणारा बाण हा व्यवहार आहे. मंत्रानें केवळ रूप उभें केलें असेल, ध्वनि नसेल, तर पावलांचा आवाज ऐकूं येतो कीं नाहीं हें पाहणें हाहि व्यवहार आहे. दुरून भुंवई चढविणें हा नव्हे. २०१४ सालच्या आवृत्तींत ही गोष्ट अधिक नीट सांगितली आहे. हात लावला व तो आरपार गेला, तर फांशाचें कारणच नाहीं. हात लावावयाचा नसेल तर आपली एक कृति तपासण्यांत खर्च करावी आणि मग बुद्धीच्या बळावर दान टाकावें. ऐन लढाईंत त्या क्षणीं तलवार चालवितां येत नाहीं. हा नियम आम्हांस न्याय्य वाटतो. सर्वच खोटें म्हणणारा स्वतःस चिकित्सक म्हणवितो खरा, पण भोळ्या मनुष्याप्रमाणें त्यानेंहि वस्तूकडे पाहिलेलें नसतें.

याहून अवघड प्रश्न सोबत्याच्या शब्दाचा. एकानें माया ओळखली व ओरडून इतरांस सांगितलें, तर तिसऱ्या आवृत्तीप्रमाणें इतरांस ज्ञान होत नाहीं. वीस बाजूंच्या फांशावर त्यांच्या दानांत चार मिळविले जातात, एवढेंच. आप्तवाक्याची किंमत वीसांत चार! नैयायिक हें ऐकून रागावतील, आणि आम्हीहि प्रथम रागावलों होतों. परंतु विचार करतां दिसून येतें कीं, दिवा आणल्यावर दोरीवरचा सर्प नाहींसा होतो, पण मृगजळ हें मृगजळ आहे असें कळल्यावरहि पाणी चकाकतच राहतें. त्याच आवृत्तींत ज्यानें माया ओळखली त्यालाहि तिची अंधुक, पारदर्शक आकृति दिसत राहते. मग ज्यानें केवळ ऐकलें, त्याच्या डोळ्यांनीं एका शब्दासरशीं हार खावी, ही अपेक्षा फार झाली. आमची तक्रार वेगळी आहे. दहा संकटांत पाठीशीं उभा राहिलेला मित्र आणि वाटेंत भेटलेला उपटसुंभ, दोघांच्या शब्दांस तेच चार! येथें सूत्रधारानें पुस्तक मिटून माणूस पाहावा.

आणखी एक पेंच आहे. पूल मायेचा आहे हें मेजाशीं बसलेल्या खेळाडूनें कधीं कधीं आधींच ऐकलेलें असतें. त्यानें घेतलेल्या सोंगास मात्र तें माहीत नसतें. अशा वेळीं आपल्या वीरास कांहींतरी निमित्त काढून दरीच्या कांठीं थांबविणें अगदीं सोपें, आणि तसें करणारे थोडे नाहींत. जो खेळाडू सर्व जाणून वीरास पुलावर पाऊल टाकूं देतो, त्याला मूर्ख म्हणतात. आम्हांस तो त्या मेजावरचा सर्वांत प्रामाणिक मनुष्य वाटतो.

२०१४ च्या पुस्तकांतील एक मंत्र तर एकाच्याच मनावर चालतो व पूल फक्त त्यालाच दिसतो. तो पाऊल टाकतो आणि कोसळतो. पडून वांचला तरी पूल होता यावरचा त्याचा विश्वास ढळत नाहीं. कोणीं ढकललें, पाय घसरला, वारा सुटला होता, असें कांहीं तरी कारण तो शोधतो. हें कारण खेळाडूनें स्वतःच्या तोंडानें सांगावयाचें असतें; आणि गंमत अशी कीं, सूत्रधाराचें बोलणें संपण्यापूर्वींच तें त्याच्या ओठांवर आलेलें असतें.