आधी श्वास

दोन वर्षांच्या मुलाने हसता हसता शेंगदाणा तोंडात टाकला आणि ठसका लागून तो श्वासनलिकेच्या उजव्या शाखेत गेला. शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही. पण एका बाजूची घरघर आणि तिथेच कोंडून राहिलेली हवा यांवरून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी ओळखलं. ओल धरून दाणा फुगतो, मऊ पडतो, चिमट्यात तुटतो. थांबण्यात अर्थ नव्हता.

अडचण अशी की दाणा काढायला दुर्बीण घालायची वाट आणि मुलाच्या श्वासाची वाट एकच. भूलतज्ज्ञाला वेगळी नळी घालायला जागाच उरत नाही. ऑक्सिजन आणि भुलीचा वायू दुर्बिणीच्याच बाजूच्या तोंडातून द्यायचा. १८९७ साली जर्मनीत फ्रायबुर्गला गुस्टाव्ह किलियान यांनी एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेतून हाडाचा तुकडा काढला, तेव्हा घसा कोकेनने बधिर केला होता आणि तो माणूस जागा होता, स्वतःचा श्वास स्वतः घेत होता. एवढ्याशा पोराला तसं कसं बसवणार?

"सर, मी थांबा म्हटलं की थांबायचं," सुरुवातीलाच तरुण भूलतज्ज्ञ कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना म्हणाली. "आणि दाणा वाटेत निसटला तर?"

"तर होता तिथे परत ढकलायचा." सरांचे केस याच कामात पांढरे झाले होते.

दुर्बिणीत भिंग आणि चिमटा गेला की हवेला फट तेवढी उरते. त्यात लहान मूल वजनाच्या मानाने मोठ्यांच्या जवळपास दुप्पट ऑक्सिजन वापरतं. मॉनिटरची बीप खालच्या सुरात उतरू लागली. ऑक्सिजन ९१ टक्के.

"थांबा, सर."

"अहो, आलाच हातात."

"थांबा."

सरांच्या कपाळाला आठी पडली, पण भिंग बाहेर आलं. सिस्टरांनी दुर्बिणीचं तोंड बंद केलं, भूलतज्ज्ञाने पिशवी दाबली, छाती उचलली गेली. ९९.

दुसऱ्या खेपेला दाणा चिमट्यात आला. दुर्बिणीसकट सगळं वर येताना स्वरयंत्राखाली तो सुटला आणि मुख्य श्वासनलिकेत अडकला. आता दोन्ही फुप्फुसं बंद. पिशवी दाबली जाईना. ८४. ७६.

अशा वेळी मन म्हणतं, इतका वर आलाय, एकदा पकडून तर पाहू. त्या मोहाइतकं घातक दुसरं काही नाही.

"आत ढकला!"

सरांनी चकार शब्द न काढता दाणा पुन्हा उजव्या शाखेत नेऊन बसवला. डावं फुप्फुस मोकळं झालं आणि तेवढ्यावर मूल सावरलं.

तिसऱ्या खेपेला दाणा निघाला, तुटलेला. सिस्टरांनी तुकडे जुळवून पाहिले. एक कोपरा कमी होता. सरांनी दुर्बीण उचलली आणि हात रोखला.

"डॉक्टर, जाऊ परत?"

तिने आणखी काही श्वास दिले, आकडा पाहिला.

"जा, सर."

कोपरा उजवीकडेच, खालच्या फाट्यात सापडला.