देह बरा करतो कोण?

गणपती जवळ आले की पेण, हमरापूर, जोह्याच्या कारखान्यांत कारागीर तासन्‌तास वाकून बसतात. डोळ्यांची आखणी करताना तर मानही हलवायची नाही. उठताना कमरेत उसण भरली की उपाय ठरलेले: निर्गुडीच्या पाल्याचा शेक, तव्यावर तापवलेल्या खड्या मिठाची पुरचुंडी, नाहीतर पायाळू माणूस. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याने पाठीला पाय लावला की उसण उतरते, ही समजूत महाराष्ट्रभर जुनी आहे. कुणी पालीजवळच्या उन्हेऱ्याच्या गरम कुंडांत अंग शेकून येतो.

मग गुण कशाचा? पायाचा, पाल्याचा, की मुळात देहाचाच?

देहाचाच, असं मानणारा एक पंथ अमेरिकेत निघाला. तिथल्या डॅव्हनपोर्टमध्ये 18 सप्टेंबर 1895 रोजी डी. डी. पामर यांनी हार्वे लिलार्ड या बहिऱ्या कामगाराचा मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागल्याचं सांगितलं. कायरोप्रॅक्टिकचा, म्हणजे मणका दाबून उपचार करण्याच्या पद्धतीचा, जन्म तो. देहात उपजत प्रज्ञा असते आणि सरकलेला मणका तिची वाट अडवतो, असं पामर मानत. हे वैद्यकापेक्षा श्रद्धेच्या जवळचं. आज मणक्याच्या उपचाराला मालीश, शेक, व्यायाम, आहार यांची जोड देतात. कंबरदुखीला त्याने थोडा उतार पडतो. बहिरेपण जातं याला पुरावा नाही. मानेला दिलेल्या झटक्याने क्वचित रक्तवाहिनी फाटून पक्षाघातही होतो.

लिलार्डवरच्या त्या उपचाराच्या बरोबर सात दिवस आधी, 11 सप्टेंबरला, पेण तालुक्यातल्या गागोद्यात विनोबा भावे जन्मले. 1938 मध्ये प्रकृती पार खालावली तेव्हा ते पवनारला गेले. धाम नदीचा पूल ओलांडताना तोवर सांभाळलेल्या आश्रमाच्या साऱ्या चिंता त्यांनी मनातून उतरवल्या. मग रोज थोडी थोडी जमीन खणू लागले आणि तब्येत भरली. प्रज्ञा म्हणा, प्रकृती म्हणा, देहात सावरण्याची ताकद आहे, हे खरंच.

पण ती ताकद मानणाऱ्याने शस्त्रक्रिया नाकारलीच पाहिजे असं नाही. निसर्गोपचारावर गांधीजींचा केवढा विश्वास! तरी जानेवारी 1924 मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांच्याकडून त्यांनी अपेंडिक्सची शस्त्रक्रिया करून घेतली, आणि 1946 मध्ये उरुळी कांचनला निसर्गोपचाराचं काम उभं केलं. श्रद्धा आणि विवेक त्यांच्या ठायी एकत्र नांदले.

तेव्हा उसण भरली तर मिठाचा शेक जरूर घ्या. पण पाय बधिर पडू लागले, लघवीवरचा ताबा सुटला, तर पायाळू शोधत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.