तट पडला, दरवाजे राहिले



आपल्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे जुन्या औरंगाबादेत, रिक्षावाल्याला ‘पैठण गेट’ एवढंच सांगितलं की पुरतं. त्या दरवाजाला लागून कधीकाळी तट होता, हे त्याच्याही ध्यानात नसतं आणि आपल्याही. मराठ्यांच्या हल्ल्यांच्या धास्तीनं औरंगजेबानं 1682 च्या सुमारास शहराभोवती हा तट बांधला. आज त्याचे तुकडेच उरलेत. दिल्ली गेट, मकई गेट, रोशन गेट मात्र रोज आपल्या तोंडी असतात.

भडकल दरवाजा तर त्या तटाहून जुना. मुघलांवरच्या विजयाची खूण म्हणून मलिक अंबरनं 1612 मध्ये तो उभारला. पुढे इथं मुघलांचीच सत्ता आली, तरी तो टिकला. आज त्याच्याजवळ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. 14 एप्रिलला तिथं अभिवादनासाठी गर्दी लोटते. दरवाजा तोच, त्याचे मानकरी बदलले.

नगर रस्त्यानं कायगाव-टोक्याला गोदावरी ओलांडतानाही अशीच एक जुनी हद्द आपण ओलांडतो. अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे इंग्रजी मुलूख. इकडे हाली सिक्का हे निजामाचं चलन चालायचं आणि सरहद्दीवर करोडगिरीचे नाके जकात वसूल करायचे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात असे कितीतरी नाके स्वातंत्र्यसैनिकांनी जाळले. 17 सप्टेंबर 1948 ला निजाम शरण आला, 1956 मध्ये हैदराबाद राज्याची तीन राज्यांत वाटणी झाली. आता ती नदी नुसती जिल्ह्याची हद्द आहे. नाक्यांची आठवणही पुसट झाली. नदीचे घाट मात्र दोन्ही काठांच्या माणसांना आजही लागतात.

म्हणजे हद्द गेली की तिनं जिथं माणसं अडवली ते निरुपयोगी ठरतं. जिथून माणसं ये-जा करत होती, ते लोक सांभाळतात.

राज्यांच्या तशा शेताच्याही वाटण्या घरोघरी होतात, त्यात वावगं काही नाही. पण दोन सऱ्यांसाठी बांध कोरणारे भाऊ कोर्टात म्हातारे होतात आणि त्यांची मुलं एकमेकांच्या लग्नालाही जात नाहीत. त्या बांधाचा सातबारा उद्या तिसऱ्याच्याच नावावर असू शकतो. तेव्हा हद्द जरूर आखा, मोजणीही करून घ्या. पण भावाच्या अंगणात जायची वाट मोकळी ठेवा. पुढच्या पिढीच्या कामाला तीच येईल.