घोरणे की कण्हणे?

शुसाकु एन्दो या जपानी कॅथलिक लेखकाची ‘चिन्मोकु’ ही कादंबरी १९६६ साली आली. जगभर ती ‘सायलेन्स’ या नावाने वाचली जाते. काळ सतराव्या शतकाचा. जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी आहे. आपले गुरू फेरेरा यांनी धर्म सोडला, ही बातमी खरी की खोटी हे पाहायला रॉड्रिग्ज हा तरुण पोर्तुगीज पाद्री गोवा, मकाव करत चोरून तिथे उतरतो आणि पकडला जातो. फेरेरा इतिहासात होऊन गेले. रॉड्रिग्जही जुझेप्पे किआरा या खऱ्या जेझुइटावर बेतलेला आहे.

चर्चा होते ती एकाच क्षणाची. धर्म सोडल्याची खूण म्हणून येशूची प्रतिमा जडवलेल्या फळीवर रॉड्रिग्जने पाय ठेवला, ते योग्य की अयोग्य? मला वाटते, त्याच्या सदसद्विवेकाची कसोटी त्याआधीच, कोठडीच्या अंधारात लागली. बाहेरून घोरण्याचा आवाज येतो. पहारेकरी दारू पिऊन पडला असणार! आपण हौतात्म्याच्या उंबरठ्यावर आणि हा खुशाल घोरतोय, याचा त्याला संताप येतो. मग फेरेरा येऊन सांगतात, ते घोरणे नव्हे. खड्ड्यात उलटे टांगलेले शेतकरी कण्हत आहेत. मरण लवकर येऊ नये, रक्त थेंबाथेंबाने गळावे म्हणून त्यांच्या कानामागे चीर दिली आहे. त्या बिचाऱ्यांनी धर्म केव्हाच सोडलाय. पण पाद्री पाय ठेवीपर्यंत त्यांची सुटका नाही.

हा प्रसंग वाचताना अंगावर काटा येतो. रात्र प्रार्थनेत काढणाऱ्या भल्या माणसाला शेजारचे कण्हणे ओळखता आले नाही, कारण त्याचे मन स्वतःच्या बलिदानात गुंतले होते. विवेकालाही अहंकार चिकटतो, आणि पुण्याच्या वेषातला अहंकार ज्याचा त्याला दिसत नाही. सरकारी दप्तरात धर्मत्यागाची नोंद राहते, त्या रात्रीची राहत नाही. ऐतिहासिक कादंबरीकाराने काम करायचे ते याच मोकळ्या जागेत, घटनेला धक्का न लावता.

मात्र ‘करुणेपोटी केले, म्हणून तो दोषमुक्त’ हे अनुमान मला पटत नाही. एन्दो त्याला इतक्या स्वस्तात सोडत नाहीत. कादंबरीच्या अखेरीस एका अधिकाऱ्याची रुक्ष रोजनिशी आहे: जपानी नाव धारण केलेला रॉड्रिग्ज, त्याच्याकडून लिहून घेतलेला धर्मत्याग, बौद्ध पद्धतीने झालेले अंत्यसंस्कार. ही पाने कंटाळवाणी वाटून गाळण्याचा मोह होतो. गाळू नका. पाय ठेवल्यानंतर तो माणूस तीसहून अधिक वर्षे जगला, आणि त्यांतल्या शेवटच्या वर्षांची नोंद तेवढ्याच पानांत आहे.