सहा चुका

सांगलीच्या गावभागात आप्पांच्या घरी कॉम्प्युटर आला, तो थोरल्यानं पुण्याहून पाठवला म्हणून. आप्पा जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क होऊन निवृत्त झालेले. हजेरीपटावर त्यांची लाल रेघ एकदा पडली की साहेबांनी सांगूनही ती पुसली जात नसे. तीन लेट मार्क झाले की एक किरकोळ रजा कापली. घरातही हाच हिशेब. थोरल्याचं पान कोरं. धाकट्या बंडूच्या पानावर मात्र दहावीचं गणित, कुलूप न लावता गमावलेली सायकल, आणि सगळ्यात वर लाईट बिलाचे सहाशे चाळीस रुपये, जे त्यानं भरायला जाताना रस्त्यात कुठंतरी पाडले. तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. आता चोवीसचा झाला होता आणि त्याच्याकडं गिरणीतून दळण आणायचं काम होतं.

कॉम्प्युटर आप्पांना कशाला हवा होता, तर नाट्यसंगीतासाठी. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्यांवरची पदं थोरल्यानं त्यात भरून दिली होती. 2006 च्या पावसाळ्यात ती बिघडली. आवाज आधी चिरका झाला, मग तुटक, शेवटी शेळी ओरडावी तसा. आप्पा म्हणाले, "तबकडीच जुनी. खरखरणारच." सांगलीच्या माणसाला नाटकातलं कळतं, त्यामुळं हे त्यांनी इतक्या खात्रीनं सांगितलं की घरात सगळ्यांना पटलं. पण पुढं यंत्र सुरू होताना वाजणारी त्याची स्वतःची धूनही उचक्या लागल्यासारखी येऊ लागली. ती काही बालगंधर्वांनी गायलेली नव्हती. शिवाय बटण दाबून माईंनी कुकर लावावा, तर भात आधी होई आणि पडदा नंतर.

मग उपाय सुरू झाले. आवाज खराब म्हणजे स्पीकर खराब, म्हणून स्पीकर बदलले. नवे आणखी मोठ्यानं खरखरले. मग यंत्र दुरुस्तीच्या दुकानात गेलं. दुकानदार व्हायरस म्हणाला, पदं तेवढी बाजूला ठेवून बाकी सगळं पुसून विंडोज एक्सपी पुन्हा घातलं आणि साडेतीनशे घेतले. पंधरा दिवस पदं कशी स्वच्छ लागली! सोळाव्या दिवशी शेळी परत. पुन्हा पुसणं, पुन्हा साडेतीनशे, पुन्हा पंधरवडाभर सुख. दर खेपेला ते धूड सायकलला बांधून दुकानात न्यायचं काम बंडूचं, म्हणून आप्पांनी एकदा त्यालाच विचारलं, "रस्त्यात आपटलास का?" बंडू काही बोलला नाही. बोलून उपयोग नसतो हे त्याला ठाऊक होतं.

श्रावणात माईंच्या बहिणीची नात राहायला आली. पॉलिटेक्निकला होती. तिनं स्पीकरकडं पाहिलंसुद्धा नाही. एवढंच विचारलं, "पुसल्यावर पंधरा दिवस बरा असतो ना? मग आवाजाचा काय दोष?"

तिनं डिव्हाइस मॅनेजर उघडला, आयडीई चॅनेलच्या आतलं एक पान काढलं आणि बोट ठेवलं. तिथं डीएमएऐवजी पीआयओ असं लिहिलं होतं.

"आप्पाआजोबा, मार्केट यार्डात हळदीची पोती कोण उचलतं?"

"हमाल."

"आणि अडत्या?"

"तो गादीवर बसून सौदा करतो. भाव बोलतो."

"हमाल काढून टाकले आणि अडत्यानंच एकेक पोतं वाहायचं ठरवलं तर?"

"सौदा बोंबलेल."

"तेच झालंय. डीएमए म्हणजे हमाल. हार्डडिस्कवरचा माल परस्पर मेमरीत टाकतात. पीआयओत प्रोसेसर स्वतः दोन-दोन बाइट उचलून नेतो. गाण्याला सेकंदाला 44,100 नमुने वेळेवर पोचावे लागतात. अडत्या पोत्याखाली वाकलेला असला की ते चुकतात. जिथं चुकले तिथं खर्र. स्पीकर बिचारा येईल ते वाजवतो."

"पण हमाल काढले कुणी?"

"विंडोजनं. डिस्कवरून आलेली माहिती वाटेत बिघडली की ते एक चूक नोंदवतं. अशा सहा चुका झाल्या की डिस्कला एक पायरी खाली उतरवतं. आणखी सहा झाल्या की आणखी एक. असं करत शेवटी पीआयओ. मधे लाखो वेळा नीट वाचलं तरी आकडा पुसत नाही. बंद करून चालू केलं तरी नाही. दुकानदार सगळं पुसायचा, तेव्हा वहीही कोरी व्हायची. म्हणून ते पंधरा दिवस."

"मग वहीच कोरी करून टाक," आप्पा म्हणाले.

"करीन. पण चुका का होतात ते बघायला नको?"

तिनं आधी सगळी पदं सीडीवर उतरवून घेतली, कारण खोट डिस्कमध्येच असली तर तीही जायची. मग वायर काढून झाकण उघडलं. डिस्कपासून मदरबोर्डपर्यंत गेलेली करड्या रंगाची चपटी पट्टी, ऐंशी बारीक तारांची, एका जागी घडी पडून झाकणाखाली चेपली गेली होती. "हे बघा. डिस्क नीट वाचत होती. वाटेत तार दगा देत होती, आणि चूक लागत होती डिस्कच्या नावावर."

बंडू पेठेतून नवी पट्टी घेऊन आला. तिनं ती बसवली, यादीतून ते चॅनेल काढून टाकलं आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. विंडोजला ते नव्यानं सापडलं, अगदी कालच भेटल्यासारखं. पीआयओच्या जागी अल्ट्रा डीएमए मोड 5 आलं. बालगंधर्व गायले. तबकडीची खरखर होतीच, पण ती तबकडीची होती.

"बंडूमामा, डिस्क बदलायचे पैसे वाचवले की नाही?" पोरगी म्हणाली. बंडू हसला. आप्पा गाणं ऐकत होते, पण मान डोलत नव्हती.

रात्री त्यांना झोप लागेना. अंथरुणात बोटं मोजत पडले. गणित. सायकल. बिलाचे पैसे. थोरल्याच्या लग्नात हरवलेली अहेराची वही. मिरजेऐवजी तासगावच्या गाडीत बसला, ते. पाच झाल्या. सहावी आठवेना. त्यांनी पुन्हा मोजल्या. पाचच.

"जागे आहात?" माईंनी विचारलं.

"बंड्यानं ते बिलाचे पैसे कुठं पाडले, काही कळलं का गं कधी?"

माई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "त्या सदऱ्याचा खिसा उसवला होता. धुवायला घेतला तेव्हा माझं बोट आरपार गेलं. माझ्याकडूनच शिवायचा राहिला होता. तुम्ही इतके संतापला होता की नाही बोलले."

"आठ वर्षं?"

"आठ वर्षं."

सकाळी बंडू दळणाचा डबा उचलून निघाला होता. आप्पांनी हाक मारली. हातात लाईट बिल आणि मोजलेले पैसे होते. "जाता जाता हे भरून ये," ते म्हणाले, आणि नेहमीसारखं पेपरात तोंड घालून बसले. पेपर उलटा नव्हता, पण ते वाचतही नव्हते.

बंडूनं डबा खाली ठेवला. पैसे हातात घेतले, आधी खिशात बोटं घालून तळ चाचपला, आणि मग आत ठेवले.