पडण्याचा हक्क

बांबूच्या उडीची स्पर्धा पाहताना एक गोष्ट मला नेहमी विलक्षण वाटत आली आहे. या खेळाचा शेवट बहुधा अपयशात होतो. आडवी दांडी वर वर चढवीत नेतात. लागोपाठ तीन प्रयत्न चुकले की खेळाडू बाद. म्हणजे जो पहिला येतो तोही, स्वतःहून थांबला नाही तर, दांडी पाडूनच मैदानाबाहेर जातो. पडते सगळ्यांचीच, कुणाची खाली, कुणाची वर, एवढाच फरक.

अमेरिकेतल्या हायस्कुलांत मुलींना ही उडी कशी मिळाली, हे वाचताना मला या पडण्याचा पुन्हा विचार करावा लागला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांनी मुलगा-मुलगी असा भेद करू नये, असा कायदा तेथे १९७२ साली झाला. पण प्रत्येक खेळप्रकार दोघांनाही मिळालाच पाहिजे, असे काही त्यात नव्हते. बांबू मुलांच्याच हातात राहिला. बहुतेक राज्यांत मुलींची वेगळी स्पर्धा सुरू व्हायला १९९० चे दशक उजाडले. कुठे त्याहूनही उशीर झाला. तोवर जिला उडी मारायचीच असे ती, जेथे परवानगी मिळे तेथे, मुलांच्या रांगेत उभी राही.

नकाराला कारणे होती. मुली फारशा पुढे येत नाहीत, हे एक. दाराला कुलूप घालायचे, आणि आत कुणी येत नाही म्हणून दाराची गरजच नाही असे ठरवायचे! दुसरे कारण मात्र हसण्यावारी नेण्याजोगे नाही. हा खेळ धोक्याचा आहे. २००२ साली अमेरिकेत ही उडी मारताना तरुण मुलगे दगावले. त्यानंतर काय झाले? पडण्याच्या गाद्या मोठ्या करण्यात आल्या. मुलगा पडला तेव्हा गादी वाढवावी असे सुचले. मुलगी पडेल या नुसत्या कल्पनेने खेळच नाकारावासा वाटला होता. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये आठशे मीटर धावून काही बायका दमल्या, तर ती शर्यत १९६० पर्यंत त्यांच्यासाठी बंद राहिली. धावून कोसळलेल्या पुरुषाने शर्थ केली असे आपण म्हणतो.

येथे मला स्वतःला बाजूला ठेवता येत नाही. भिंतीवर चढलेल्या मुलाला मी 'जपून' म्हटले आहे, आणि त्याच भिंतीवरच्या मुलीला 'उतर'. दोन्ही शब्द मायेचेच होते, याविषयी मला आजही शंका नाही. शंका येते ती वेगळीच. तिच्या हाडांचा हिशेब मी तिला न विचारता परस्पर करून टाकला होता.

कुणी म्हणेल, आता हा वाद कशाला? बायकांनी करून दाखवले ना! दाखवले खरेच. पुरुषांची ही उडी ऑलिंपिकमध्ये १८९६ पासून आहे; बायकांची प्रथम आली २००० साली, सिडनीला. स्टेसी ड्रॅगिला ४.६० मीटर उडी मारून जिंकली. बांबू तिच्या हाती आला तो कॉलेजात गेल्यावर. १९४० साली कॉर्नेलियस वॉर्मरडॅमने पंधरा फूट ओलांडले तेव्हा ते जगात पहिल्यांदाच घडत होते. ड्रॅगिलाची उडी त्याहून थोडी वरच भरते. (त्याची काठी खऱ्या बांबूची, हिची काचतंतूची; हे सांगितले पाहिजे.) पुढे २००५ मध्ये येलेना इसिनबायेवाने पाच मीटर ओलांडले.

पण या आकड्यांवर हक्क उभा करणे मला पटत नाही. आधी उंची दाखवा, मग खेळ देऊ, अशी अट मुलांना कधी कुणी घातली होती? पराक्रम केल्यावर मिळते त्याला बक्षीस म्हणतात.

म्हणून माझ्या डोळ्यांपुढे येते ती ड्रॅगिला नव्हे. कुठल्याशा आडगावच्या हायस्कुलातली, सर्वांत खालच्या दांडीवर तीनदा चुकलेली एक मुलगी येते. निकालपत्रात तिच्या नावापुढे उंचीची जागा रिकामी आहे. ती गादीवरून उठते, अंगाला लागलेले झटकते आणि आपली काठी उचलून बाजूला होते. दांडी पुन्हा जागेवर ठेवतात, आणि पुढच्या मुलीचे नाव पुकारले जाते.